केजीच्या मुलांना शरद ऋतू कसा दाखवावा?

प्रश्न असा आहे: "मी ज्युनिअर केजीला शिकवते. ऑक्टोबरसाठी शाळेने 'ऑटम' हा विषय दिलाय. रंगवायला आलेल्या छापील कागदांवर मेपलची लाल-केशरी पानं, मोठाले भोपळे आणि खारी आहेत. खिडकीबाहेर मात्र सगळं हिरवं. मुलं विचारतात, 'टीचर, अशी पानं कुठे आहेत?' विषय बदलता येणार नाही. वर्गात 30 मुलं, मदतीला एक मावशी, शाळेमागे थोडी मोकळी जागा. कोणते उपक्रम घेऊ?"

ताई, विषय राहू द्या, कागद बाजूला ठेवा. मुलांची शंका रास्त आहे आणि तिला खरं उत्तर मिळायला हवं. अशी पानं आपल्याकडेही असतात, फक्त ऑक्टोबरमध्ये नसतात. सागवान, पळस, सावर यांची पानं डिसेंबर-जानेवारीपासून मार्चपर्यंत गळतात. पुढचे महिने कोरडे असतात, पानांतून पाणी उडून जातं, म्हणून झाड ती टाकून देतं. पुष्कळ शाळांच्या अंगणात देशी बदामाचं झाड असतं. त्याची पानं गळण्याआधी अशी लाल होतात की मेपलची आठवणही येऊ नये. मुलांना सांगा, "थंडीत आपण लाल पानं शोधायला जाऊ," आणि जानेवारीत खरंच घेऊन जा. छापील कागद तोवर कपाटात राहू देत.

मग ऑक्टोबरात आपल्याकडे काय होतं? झाडं हिरवी असतात, पण पायाखालचं गवत पिवळं पडायला लागतं. आपल्याकडचा शरद खाली वाकून बघायचा असतो. पाऊस परततो, डबकी आटतात, माती आवळते, बिया पिकतात, शेंगा तडकतात, फुलपाखरं आणि चतुर ढिगाने दिसतात, दुपारी ऊन चटके देतं आणि पहाटे गारवा जाणवतो. यातलं बहुतेक सगळं चार-पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवर घडतं.

उपक्रम सांगण्याआधी एक गोष्ट, जी मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगत आले आहे. ऋतू म्हणजे बदल, आणि बदल एकदा बघून कळत नाही. मुलाने एक दिवस पान रंगवलं, दुसऱ्या दिवशी भोपळा चिकटवला, तिसऱ्या दिवशी गाणं म्हटलं, तर तीन चांगले उपक्रम होतात, पण ऋतू त्याच्या हाती लागत नाही. तीच जागा, तेच झाड, तीच कुंडी त्याने पुन्हा पुन्हा बघायला हवी. म्हणून कुठलाही उपक्रम निवडताना स्वतःला विचारा: मूल या वस्तूकडे परत येणार आहे का? येणार नसेल तर तो उपक्रम नंतर, वेळ उरला तर.

सुरुवात शाळेमागच्या जागेपासून करा. सुतळीने साधारण मीटरभर लांबी-रुंदीचे पाच चौकोन आखा, कोपऱ्यांना खुंट्या ठोका. सहा-सहा मुलांचा एक गट, प्रत्येक गटाचा एक चौकोन. दर सोमवारी तिथे जायचं. एका वेळी एकच गट तुमच्याबरोबर बाहेर, बाकीचे मावशींबरोबर वर्गात (त्यांना काय द्यायचं ते पुढे येतं). चौकोनाशी बसायचं, हात लावायचा, वास घ्यायचा, ऐकायचं. वर्गात आल्यावर गटाच्या तक्त्यावर त्या दिवशीची गवताची काडी चिकटवायची, माती बोटाने घासायची, जे दिसलं ते काढायचं. या वयाच्या मुलाला मागचा सोमवार नीट आठवेलच असं नाही, त्यामुळे तक्ता हीच त्याची आठवण. "मागच्या वेळी हिरवं होतं, आता टोकं पिवळी आहेत" हे वाक्य मुलाच्या तोंडून यायची वाट बघा. ते तुम्ही म्हणून टाकलंत तर सगळं वाया जातं.

याच चौकोनात मातीचा लाडू करून बघा. मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि गुडघ्याच्या उंचीवरून खाली सोडायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लाडू बहुधा टिकतो, नाहीतर थोडा चपटा होतो. महिन्याच्या शेवटी फुटतो. दिवाळीनंतर तो वळतच नाही, आणि "टीचर, पाणी घालू का?" असं कुणीतरी विचारतं. ओलं, दमट, सुकं, भुसभुशीत, टणक हे शब्द तिथे आपोआप येतात, कारण ते हाताला लागलेले असतात. काळी माती असेल तर पुढे भेगाही पडतील, त्या मुलांना बोटाने मोजू द्या. तांबडी माती असेल तर ढेकूळ आणि धूळ बघायची.

दुसरा उपक्रम बियांचा, आणि माझ्या मते शरदातला सगळ्यात समृद्ध. मोठ्या माणसांचे जुने पायमोजे घरून मागवा. ते बुटांवरून चढवायचे आणि गवतातून चार फेऱ्या मारायच्या. आघाड्याच्या बिया, गवताची तुसं, काय काय चिकटून येतं. मग बसून एकेक काढायची आणि भिंगातून बघायची. "ही चिकटली कशी?" हा प्रश्न पुरे. आकडा, काटा, केस हे मुलं स्वतः शोधतात. एक पायमोजा मात्र तसाच ठेवा. पसरट ट्रेमध्ये माती घालून त्यावर तो बियांसकट आडवा टाका, रोज पाणी शिंपडा. कापडातून कोंब वर येताना बघणं मुलांसाठी मोठी घटना असते. काय उगवेल ते तुम्हालाही आधी सांगता येणार नाही, म्हणून तुम्हीही खऱ्या उत्सुकतेने बघाल, आणि मुलांना ते बरोबर कळतं.

कुठे तेरडा किंवा कुंडीतला गुलतेरडा असेल तर फुगलेल्या पिकल्या शेंगेला बोट लावून बघायला सांगा. शेंग गर्रकन वळते आणि बिया उडतात. ते बघितलेलं मूल दुसऱ्या दिवशी धावत तिथेच जातं. काही बिया चिकटून जातात, काही उडी मारतात, काही वाऱ्यावर जातात. बियांचे हे तीन प्रवास अंगाने करून दाखवायला लावा: उकिडवं बसून उडी मारणं, दुसऱ्याच्या पाठीला चिकटून चालणं, हात पसरून तरंगणं. व्यायामाचा तास त्यातच झाला.

जमवलेल्या बियांची वर्गवारी करताना वाट्यांवर आधीच चिठ्ठ्या लावू नका. बिया आणि रिकाम्या वाट्या द्या आणि म्हणा, "ज्या एकत्र राहाव्यात असं वाटतं त्या एकत्र ठेवा." कुणी रंगावरून ठेवेल, कुणी आकारावरून, कुणी "या टोचतात, या टोचत नाहीत" असं करेल. मग विचारा, "आता दुसऱ्या प्रकाराने लावता येतील?" तोच ढीग दोन वेगळ्या निकषांवर लावता येणं ही या वयातली मोठी पायरी आहे. ती छापील कागदावर चढता येत नाही, कारण तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं.

इथे सुरक्षेचं बोलायलाच हवं. मुलांना नेण्याआधी जागा स्वतः फिरून बघा. गाजर गवत असेल तर ते आधी उपटून घ्या, कारण त्याने कातडीला खाज येते आणि दम्याच्या मुलांना त्रास होतो. टोकदार कुसळ पायमोज्यातून आरपार जातं, तो भाग टाळा. पावसानंतर वाढलेल्या दाट गवतात काठी आपटल्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. आणि तीन बिया वर्गात येता कामा नयेत: गुंज, एरंड आणि पिवळ्या कण्हेरीची बिट्टी. गुंजेचा लाल-काळा मणी मुलांना फार आवडतो, पण चावून फुटलेली एक बीसुद्धा मुलाच्या जिवावर बेतू शकते. बिट्टीने आपल्यापैकी कित्येक जण लहानपणी खेळलो असू, तरी ती विषारीच आहे. सीताफळाचा हंगाम आहे, त्याच्या बिया मोजायला छान, पण त्या फोडायच्या नाहीत. आतल्या गराने डोळ्यांची आग होते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुट्या बिया देऊच नका. झाकण चिकटवून बंद केलेल्या पारदर्शक बाटलीतून दाखवा.

आता वर्गात थांबलेल्या मुलांसाठी. बाजारात या दिवसांत ओल्या भुईमुगाच्या शेंगा येतात. जमल्यास मुळासकट एक-दोन वेल मागून आणा. शेंगा मातीखाली लागतात हे मुलांना माहीत नसतं. पुष्कळ पालकांनीही वेल बघितलेला नसतो. मुलांना वेलावरून शेंगा तोडू द्या, धुऊ द्या, मग सोलायला बसवा. सोलण्याआधी प्रत्येक शेंग चाचपून सांगायचं, आत किती दाणे असतील. मग फोडून बघायचं. जमिनीवर खडूने तीन रेघा आखा: एक दाणा, दोन दाणे, तीन दाणे. टरफलं आपापल्या रेघेवर एकापुढे एक लावायची, मधे फट न ठेवता. कुठली रांग लांब झाली? बहुतेक दोनची होईल. हा मुलांनी हाताने केलेला पहिला आलेख. शेंग फोडायला अंगठा आणि पहिल्या दोन बोटांचा जो जोर लागतो तोच पुढे पेन्सिल धरायला लागतो, त्यामुळे "लेखनपूर्व तयारी"च्या रकान्यात हे बिनदिक्कत लिहा. आधी पालकांना विचारून ठेवा. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर शेंगा वर्गात आणू नका, मुगाच्या किंवा मटाराच्या घ्या. आणि अख्खे दाणे खायला देऊ नका, घशात अडकतात. कूट करून गुळाबरोबर दिलं तर चालेल.

भुईमूगच हवा असं नाही. कोकणात असाल तर भाताच्या लोंब्या आणा आणि दाणे दोन कौलांच्या तुकड्यांमध्ये हलकेच घासून तांदूळ काढा. तिथे नवान्न पौर्णिमेची ओळख बहुतेक घरांत असते, मुलं स्वतःच सांगू लागतील. विदर्भात कापसाचं फुटलेलं बोंड मिळेल. बोटांनी सरकी सोडवताना कापूस तिला किती घट्ट धरून असतो ते कळतं, आणि शर्टाचं कापड कुठून येतं ही गोष्ट तिथूनच सुरू होते. घाटावर बाजरीची कणसं. जे तुमच्या पंचक्रोशीत पिकतं ते.

नवरात्रात घरोघरी घट बसतात. मातीत धान्य पेरून नऊ दिवस वाढवण्याची ही रीत विज्ञानाच्या प्रयोगासाठी इतकी तयार आहे की ती सोडणं चूक ठरेल. वर्गात ती प्रयोग म्हणूनच ठेवा, पूजा नको. सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं तुमच्याकडे आहेत आणि प्रत्येकाने मूठ भरून पेरावं. रात्रभर भिजवलेले गहू दोन पसरट भांड्यांत पेरा. एक खिडकीत, दुसरं खोक्याखाली अंधारात. पेरतानाच विचारा, कुठलं जास्त वाढेल? बोटं वर करून मत घ्या आणि फळ्यावर लिहून ठेवा. मग रोज प्रत्येक भांड्यातल्या एका रोपाच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवायची. पट्टीवर सेंटिमीटर नकोत, कालच्यापेक्षा आजची उंच एवढंच पुरे. आठव्या-नवव्या दिवशी खोकं उचललंत की वर्गात गलका होईल. अंधारातली रोपं बहुधा जास्त उंच निघतात, पण पिवळी, लुळी. "उंच म्हणजे चांगलं" असं मानणारी मुलं तिथे थबकतात. स्पष्टीकरण देऊ नका. "त्याला काय झालं असेल?" एवढंच विचारा आणि जी उत्तरं येतील ती मुलांच्या शब्दांत लिहून घ्या. मग पिवळं भांडं खिडकीत ठेवा. एक-दोन दिवसांत ते हिरवं होऊ लागतं, आणि प्रकाशाने काय केलं हे त्यांनी स्वतः बघितलेलं असतं.

दसऱ्याला आपट्याच्या पानाची गोष्ट बहुतेक शाळांत सांगतात, पान मात्र नीट बघत नाहीत. आपट्याचं पान मधल्या शिरेवर दुमडलं तर दोन पाळ्या एकमेकींवर बसतात. सममिती शिकवायला याहून सोपी वस्तू मिळणार नाही. त्याच्याबरोबर कांचनाचं पान द्या, कारण बाजारात आपटा म्हणून पुष्कळदा कांचनच विकतात. कांचनाचं मोठं, आपट्याचं लहान आणि रुंदट. दोन्हींवर कागद ठेवून मेणखडू घासला की शिरा उमटतात. पाच-सहा वर्षांच्या मुलांना अर्धं पान कागदावर चिकटवून द्या, उरलेलं अर्धं ते काढतील. तीन-चार वर्षांच्यांना जोड्या लावू द्या. हे करताना फांद्या तोडून आणू नका. एका मुलाला एक पान पुरतं, आणि ते पुस्तकात दाबून ठेवलं तर दिवाळीच्या सुटीनंतर त्याचा रंग, वास, कुरकुरीतपणा पुन्हा बघता येतो.

झेंडूचं तोरण सगळे करतात, तर थोडक्यात सांगते. पिवळा-केशरी-पिवळा-केशरी ही लय आधी मुलांना सुरू करून द्या, मग त्यांना स्वतःची लय ठरवू द्या. ओवायला सुई नको, बुटाची नाडी घ्या, तिचं टोक कडक असतं. दसऱ्यानंतर तोरण फेकू नका. गावरान झेंडू असेल तर वाळलेल्या फुलात काळ्या, काडीसारख्या बिया सापडतात. त्या पेरा.

भोंडल्यातली खिरापत ओळखण्याची पद्धत वर्गात जरूर आणा. बंद डबा हलवून, आवाज ऐकून, वास घेऊन आणि प्रश्न विचारून आत काय आहे ते ओळखायचं. "लाडू आहे का?" असं थेट विचारण्याऐवजी "गोल आहे का? गोड आहे का?" असं विचारायला पाच वर्षांची मुलं चार-पाच फेऱ्यांत शिकतात. मुलगे आणि मुली दोघंही खेळू देत. फेर धरणं, ताल, पुढे-मागे पावलं हे सगळ्यांनाच लागतं.

चंद्रासाठी शाळेची गरज नाही, पालकांना चिठ्ठी पाठवा. दसऱ्याच्या संध्याकाळी सूर्य मावळतानाच चंद्र वर आलेला असतो, अर्ध्याहून मोठा. तिथपासून कोजागिरीपर्यंत रोज झोपण्याआधी तो बघायचा आणि काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने काढायचा. पौर्णिमेनंतर तो रोज उशिरा उगवतो आणि मुलं झोपलेली असतात, म्हणून हेच दिवस धरा.

पक्षी-कीटकांसाठी वेगळा उपक्रम आखू नका, चौकोनाशी बसलात की ते येतातच. शेपूट वरखाली हलवत चालणारा धोबी पक्षी साधारण याच सुमारास आपल्याकडे येतो, त्याच्या चालीची नक्कल मुलं फार सुंदर करतात. चतुर पकडून दोरा बांधायचा जुना खेळ कुणी सुरू केला तर लगेच थांबवा. त्यापेक्षा तो कुठे बसतो, बसल्यावर पंख मिटतो की उघडे ठेवतो, ते बघायला सांगा.

मुख्याध्यापिका विचारतील, कागद का नाही भरले? त्यांना मुलांचे आठवड्यांचे तक्ते तारखांसह दाखवा. 2022 साली पायाभूत स्तरासाठी आलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही खेळातून आणि परिसरातून शिकण्यावरच भर देतो, तोही पुढे करा. आणि आपल्याकडे हे नवीनही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाड्या चालवल्या, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हेच साहित्य केलं. ज्या मुलांसाठी ती बालवाडी होती त्यांच्या दाराशी तेच होतं. तुमच्या शाळेमागेही ते पडलेलं आहे.

परदेशातल्या मराठी पालकांकडूनही असेच प्रश्न येतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. न्यू जर्सीत किंवा टोरांटोत राहत असाल तर मेपलचं पान हाच तुमचा दाराशी आलेला शरद आहे. तिथे एक झाड निवडा, दर रविवारी त्याच्याखालची पाच पानं उचला, ओळीने चिकटवा. हिरवा रंग उतरत जाऊन आधीचाच पिवळा कसा दिसू लागतो ते पट्टीवर दिसेल. मुलांशी मराठीत बोला, घट आणि शेंगा स्वयंपाकघरात करता येतात.

आता वेळेचं. हे सगळं एका महिन्यात बसवू नका. सुतळीचे चौकोन आणि गव्हाची दोन भांडी एवढं नक्की करा, बाकीच्यांतून तुम्हाला ज्यात स्वतःला रस वाटेल ते दोन-तीन निवडा. ऑक्टोबरात परतीचा पाऊस एखाद्या सोमवारी हमखास गाठतो. तेव्हा चौकोनाची फेरी रद्द न करता मंगळवारी न्या, आणि त्या दिवशी मातीचा लाडू आवर्जून करून बघा, कारण तो पुन्हा वळायला लागलेला असेल आणि मुलं कारण विचारतील.